मिरचीच्या पथारीवर पोलंड

दिवाळीच्या पणत्या आवरून ठेवल्या की आमच्या नंदुरबारची हवा बदलते. थंडी नंतर येते, आधी येतो ठसका. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर ओली लाल मिरची वाळायला पसरतात, त्या मैदानांना आम्ही पथारी म्हणतो. तिथून होळीपर्यंत अख्खं गाव खोकतं, शिंकतं, डोळे पुसतं, आणि कुणी कुणाची माफी मागत नाही. परगावचा पाहुणा स्टेशनाबाहेर आला की चार पावलांत नाक धरतो. आम्ही आधी हसतो, मग पाणी देतो. इथला कोण आणि बाहेरचा कोण हे ओळखायची ही आमची जुनी रीत आहे.

मी इथलीच. मिरचीवाल्या बाईची पोरगी. आता कॉलेजात इतिहास शिकवते आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. म्हणजे माणसाने गुपचूप हजेरी लावावी, निवृत्तिवेतनाचे कागद जुळवावेत आणि सत्काराच्या शालीची वाट बघावी, असे हे दिवस. पण यंदा ठसक्याबरोबर नोटीस आली. ऑफिसातल्या प्रकाशभाऊंनी आणून दिली. आवक-जावकचं टेबल त्यांच्याकडे असतं. त्यांनी वहीवर माझी सही घेतली आणि एकदाही वर न बघता निघून गेले.

नोटिशीत लिहिलं होतं की मी दर रविवारी दुपारी एका खाजगी पथारीवर मजूर बायांचा विनापरवाना वर्ग घेते, त्यातून असंतोष पसरतो आणि महाविद्यालयाच्या प्रतिमेला बाधा येते. हा वर्ग बंद करत असल्याचं हमीपत्र आठ दिवसांत द्यावं, नाहीतर कारवाई होईल.

असंतोष म्हणजे काय, तेही सांगते. दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही एक सरकारी पत्रक मोठ्याने वाचलं होतं. कामाच्या जागी सावली आणि प्यायचं पाणी असावं, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी बायांनी पथारीच्या मालकाकडे सावली मागितली. मागून मागितलं काय, तर चार बांबूंवर एक ताडपत्री. मिरचीवर अवकाळी पावसाचे चार थेंब पडले तर हीच ताडपत्री पाच मिनिटांत येते. बाईवर ऊन आलं तर मात्र तिला नियम वाचून दाखवावा लागतो, आणि वाचला की तो असंतोष होतो. पथारीचे मालक वसंतराव आमच्या संस्थेचे संचालक आहेत. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या आमच्या ऑफिसच्या कागदावर उमटल्या.

वसंतराव म्हणजे एकेकाळचा वसंता. एम.ए.ला आम्ही एकाच बाकावर परीक्षा दिली. त्याला माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले होते, हे तो अजून सांगतो.

ती परीक्षा, तो हिवाळा. नोटीस हातात धरून बसले आणि मला सगळ्यात आधी तोच आठवला. वडील गेलेले, घर एका खोलीचं, त्यात भाऊ, भावजय, त्यांची दोन लेकरं. अभ्यासाला जागा नाही. माय पहाटे भाकरी बांधून पथारीवर जायची, मीही पुस्तक घेऊन तिच्या मागे जायचे. एवढ्या मोठ्या मैदानावर लाल रंगाशिवाय काही दिसायचं नाही. बाया ओळीने बसायच्या, तोंडाला फडकी बांधून, समोर मिरचीचा ढीग. एका हाताने मिरची धरायची, दुसऱ्या हाताने देठ मोडायचा. टच्, टच्, टच्. शेकडो हातांचा तो बारीक आवाज दिवसभर चालायचा. डोळ्याला हात लावायचा नाही, हा पथारीचा पहिला धडा. डोळ्यात पाणी आलं तर कोपराने पुसायचं, हसू आलं तरी कोपरानेच. संध्याकाळी घरी आल्यावर माय बोटांची आग शमेपर्यंत ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसायची.

“आठे बठ,” ती मला म्हणाली होती. “वाचानं तर वाच. तोंड चालू दे, हात थांबाले नको.”

मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, हे खरं. म्हणून मी मांडीवर गाईड उघडं ठेवून देठ मोडत घोकायला लागले. आधुनिक युरोपचा पेपर होता. आमच्या सरांनी खात्रीने सांगितलेला एक वीस गुणांचा प्रश्न होता: पोलिश समाजातील सुशिक्षित वर्गाची ऐतिहासिक भूमिका स्पष्ट करा. मी घोकत होते, “राज्यविभाजनोत्तर कालखंडात सुशिक्षित वर्गाने राष्ट्रीय अस्मितेचे संवर्धन केले.” दहा वेळा म्हटलं असेल.

मायच्या पलीकडे सुपडाबाई बसायची. वयाने मायएवढीच, पण आवाज दुप्पट. ती म्हणाली, “काय वं, कवयपासून एकच मंतर म्हनी ऱ्हायनी. हाई आपली बोलीमा सांग ना.”

मला रागच आला. युरोपचा इतिहास अहिराणीत कसा सांगायचा? पण सुपडाबाईला नाही म्हणायची सोय नव्हती. मी सुरुवात केली. “एक देश व्हता. त्याले तीन राजास्नी वाटी लिधा. नकाशावर त्यानं नाव बी ऱ्हायनं नही.”

हात चालू होते, पण आजूबाजूची कुजबुज बंद झाली.

“मंग?” सुपडाबाई म्हणाली. “तठला शिकेल लोके काय करेत?”

मी गाईड मिटलं. वीस गुणांचा प्रश्न तिने एका वाक्यात विचारला होता, आणि तोही जास्त चांगला.

मग रोज थोडं थोडं सांगू लागले. देश गेला, राजा गेला, फौज गेली. उरली भाषा आणि ती जपणारी माणसं. मास्तर, डॉक्टर, कारकून, पुस्तकं लिहिणारे. शाळेत परक्यांची भाषा सक्तीची झाली, तेव्हा त्यांनी आपली भाषा, आपला इतिहास घरात चोरून शिकवायला घेतला. बायाच पुढे होत्या. आज या घरी वर्ग, उद्या त्या घरी. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलायची. दाराशी चाहूल लागली की पुस्तक खाली आणि मांडीवर शिवण. बायांना हे सगळ्यात आवडलं. मांडीवर शिवण असलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पण सुपडाबाई भोळी नव्हती. ते शिकलेले लोक मुळात कोण होते, हे तिने खोदून काढलं. गाईडात ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळी होत्या. त्यातले पुष्कळसे जुन्या जमीनदारांच्या घरातले, जमिनी गेल्यावर शहरात येऊन शिकलेले. गावच्या शेतकऱ्यांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. एका भागात तर शेतकरी मालकांवरच उठले होते. हे ऐकून सुपडाबाई खूश झाली. “म्हंजे पाटीलना पोऱ्याच ना त्या. जमीन गयी म्हनीसन शिकनात. मंग आते लोकेस्ले शिकाडाले निंघनात. लोके कसा भरोसा ठेवतीन?” माय म्हणाली, ऐक तर पुढचं. सुपडाबाई म्हणाली, ऐकते आहे, पण मर्यादा आधी सांगायची असते. मी आजही वर्गात मर्यादा आधी शिकवते, हे तिचंच.

आणि मग तो दिवस आला. मी सांगत होते की वर्ग भरला आहे, बाई हळू आवाजात शिकवते आहे, मुली वाकून लिहीत आहेत, आणि दारावर थाप पडली. पोलीस आला. मी क्षणभर थांबले. आणि माझ्या लक्षात आलं की टच् टच् बंद झालंय. एका ओळीत नाही, तीन ओळींत. सगळ्यांचे हात हवेत. अर्धी मोडलेली मिरची तशीच धरून बाया माझ्याकडे बघत होत्या.

त्या शांततेने मुकादम जागा झाला. बायांच्या बोलण्याची त्याला सवय होती, हात थांबल्याची नव्हती. तो आला, गाईड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, उद्यापासून हे पुस्तक इथे दिसायला नको. मायची मान खाली गेली. मी पुढचा देठ मोडला.

संध्याकाळी परतताना सुपडाबाई म्हणाली, “घर ये ना. आज मन्हा घर, उद्या इन्हा घर. त्या करेत तशीच.” चारपाच बाया बरोबर चालत होत्या. त्या हसत नव्हत्या. मनापासून म्हणत होत्या.

मी म्हणाले, “परीक्षा झाल्यावर येते.”

आता पुढचंही सांगते. मी गेले नाही. परीक्षा झाली, प्रश्न आला, मी तो गाईडच्या भाषेत लिहिला. राष्ट्रीय अस्मितेचे संवर्धन. छान गुण पडले. नोकरी लागली, सिमेंटचं घर झालं, भाषेतून अहिराणी ‘शे’ गेलं आणि ‘आहे’ आलं. आधी परक्यांसमोर, मग घरातसुद्धा. मायशी मी प्रमाण मराठीत बोलायला लागले तेव्हा ती जरा दबकून उत्तरं द्यायची, जशी ती तलाठ्याला द्यायची. हे मला तेव्हा दिसलं नाही. ती गेल्यावर दिसलं.

आम्ही शिकलेले असेच. नवापूर-खापरकडून, धडगावच्या डोंगरातून पोरं आमच्या वर्गात येतात. घरी भिली, पावरी किंवा कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी, बाजारात अहिराणीशी झटापट करणारी, आणि वर्गात आम्ही त्यांच्यावर पुस्तकी मराठी ओततो. पोरगं गप्प बसलं की आम्ही म्हणतो, विद्यार्थी निरुत्साही आहे. त्या दूरच्या देशात परक्या सरकारने पोरांच्या तोंडातून त्यांची भाषा काढली म्हणून शिकलेले लोक पेटून उठले. इथे ते काम आम्ही शिकलेलेच करतो, पगार घेऊन करतो आणि शिक्षक दिनाला हारही घालून घेतो.

मला कुणी जागं केलं तर सुपडाबाईनेच. नोकरीला पुष्कळ वर्षं झाली होती. असाच हिवाळा, रेल्वे फाटक पडलेलं, माझी रिक्षा अडकलेली. पथारीवरून बाया परतत होत्या. मी नाकाला रुमाल लावला होता. एक म्हातारी रिक्षाच्या बाजूला येऊन थांबली, वाकून बघितलं.

“नाकले रुमाल?” ती म्हणाली. “तू बी?”

मी रुमाल खाली घेतला. ओळख पटली तेव्हा मला वाटलं ती आता मायबद्दल विचारेल, पोराबाळांबद्दल विचारेल. तिने विचारलं, “त्या पोलीसनं पुढे काय व्हयनं वं?”

इतकी वर्षं ती बाई त्या दारावरच्या थापेशी थांबली होती. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. पुढे काय झालं ते मी विसरले नव्हते, मला ते कधी माहीतच नव्हतं. गाईड पोलिसानंतर पुढच्या मुद्द्यावर गेलं होतं, आणि मीही गेले होते. वीस गुणांच्या प्रश्नात पुढे काय झालं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारणारी बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती.

त्या आठवड्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयातली धूळ खाल्ली. रविवारी दुपारी भाकरीच्या सुट्टीत पथारीवर गेले. सुपडाबाईच्या शेजारी बसले आणि अहिराणीत सांगितलं. कधी पोलीस यायचा, शिवण बघायचा, निघून जायचा. कधी शिकवणाऱ्या बाईला धरून न्यायचा. मग दुसऱ्या घरी दुसरी बाई वर्ग उघडायची.

“दुसरी?” सुपडाबाई म्हणाली. “मंग बरं शे.” आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला.

तेव्हापासून रविवारची दुपार पथारीची झाली. बाया वाचायला शिकल्या, सही करायला शिकल्या, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायला शिकल्या. माझ्या वर्गातली डोंगरातली दोन-तीन पोरं-पोरी बरोबर यायची आणि इथे मात्र घडाघडा बोलायची. मधूनमधून पोलंड यायचंच. एकदा मी सांगितलं की तो देश पुन्हा उभा राहिला, पण दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर नवा शत्रू चालून आला, तेव्हा त्याने शिकलेल्यांना वेचून वेचून पकडलं आणि मारलं, त्यात मास्तर होते, प्राध्यापक होते. तरी चोरून शाळा चालू राहिल्या. सुपडाबाईने हातातला देठ मोडला. मग म्हणाली, “मास्तरेस्लेच धरं? म्हंजे मास्तर कामना व्हतात.”

कामाचे होते, म्हणूनच धरले. मी इतिहासाची जाडजाड पुस्तकं वाचली आहेत. शिकलेल्यांची किंमत इतक्या कमी शब्दांत कुणी केलेली मला आठवत नाही.

तर ही नोटीस. पहिल्या दिवशी भीती वाटली. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं, निवृत्तिवेतन, घराचं उरलेलं काम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. वसंतरावांनी फोन केला. आवाज अगदी गोड. म्हणाले, “मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून सांगतो. शिकलेल्या माणसाने आपली पायरी ओळखावी. त्या बायांच्यात बसून तुम्हाला काय मिळतं? दोन ओळी लिहून द्या, विषय संपला.”

मी म्हटलं, “वसंतराव, पोलंडचा प्रश्न आठवतो का? तुम्हाला जास्त गुण होते त्यात.”

“कसला पोलंड?” ते म्हणाले.

त्यांचा दोष नाही. त्यांनीही गाईडच वाचलं होतं.

रविवारी पथारीवर गेले तर फाटक लावलेलं. नवा मुकादम कुलपाशी खुर्ची टाकून बसला होता. माझ्याशी अदबीने बोलला, पण मोठ्याने बोलला, आतल्या ओळींना ऐकू जाईल असा. जी बाई या वर्गात दिसेल तिचं नाव उद्या कामावरून कटेल. आतून टच् टच् ऐकू येत होतं. कुणी वर पाहिलं नाही. मी तिथून सरळ सुपडाबाईच्या घरी गेले, पिठाच्या गिरणीमागच्या बोळात.

ती आता कामाला जात नाही. डोळे गेल्यात जमा आहेत. मी नोटीस तिला वाचून दाखवली, आधी कागदावरच्या भाषेत, मग आमच्या. कुठे त्या देशातली माणसं आणि कुठे माझी ही दोन परिच्छेदांची नोटीस, तुलना करायचीही मला लाज वाटते. त्यांचे जीव गेले, माझी फार तर वेतनवाढ जाईल किंवा नोकरी. मी तिला तसं म्हणालेही. तिने कागद हातात घेतला, बोटांनी चाचपला, जणू त्यालाही देठ असेल.

“तुले नोटीस उनी,” ती म्हणाली. “म्हंजे तू बी आते कामनी व्हयनी.”

मी हसले आणि मग रडले. डोळे कोपराने पुसले. सवय.

“परीक्षा शे का आते?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मंग बठ.”

पुढच्या दिवशी, कामावरून सुटल्यावर, गिरणीमागच्या त्या खोलीत नऊ बाया आल्या. एकेक करून आल्या, मध्ये अंतर ठेवून. कुणी पीठ दळायला आल्यासारखी डबा घेऊन, कुणी आजीला बघायला. शेवटच्या बाईने दार ओढून घेतलं. एकीने घरून गोधडी आणली होती, अर्धी शिवलेली, सुईदोऱ्यासकट. तिने ती सगळ्यांच्या मांडीवर पसरली आणि खाली वह्या उघडल्या. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती तर माझ्या त्या हिवाळ्यानंतर कितीतरी वर्षांनी पथारीवर आलेली. पण सुपडाबाईने गोष्ट माझ्यापेक्षा जास्त वेळा सांगितली असणार. मी सोडली तेव्हापासून, दर हिवाळ्यात, नव्या नव्या ओळींना.

खोलीत मिरचीचा वास कोंडला होता. बायांच्या लुगड्यांतून, बोटांतून, वह्यांतून. गिरणी चालू असल्याने आमचा आवाज बाहेर जात नव्हता. मी सावलीचं पत्रक पुन्हा वाचलं. मग बायांनी ठरवलं की यापुढे एका घरी दोनदा बसायचं नाही. रविवारसुद्धा नको, तो सगळ्यांना ठाऊक आहे. आणि सावली मागायला एकटी-दुकटीने जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं. नाव काटायचं तर सगळ्यांचं काटू दे, मग बघू होळीपर्यंत त्यांची मिरची कोण खुडतं.

हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. मी फक्त गोष्ट सांगायला उशीर केला होता.

आठव्या दिवशी मी उत्तर लिहिलं. गाईडची भाषा अजून हातात आहे, मी मनात आणलं असतं तर चार पानं संवर्धन केलं असतं. तीनच वाक्यं लिहिली. हमीपत्र देणार नाही. वर्ग बंद झालेला नाही. तो कुठे भरतो ते सांगणार नाही.

ऑफिसात नेऊन दिलं. प्रकाशभाऊंनी कागद उघडून वाचला. एकदा वाचला, परत वाचला. त्यांना जोराची शिंक आली, वर्गातल्या वहीच्या त्या कागदाला मिरचीचा वास लागला होता. त्यांनी नोंद केली, माझ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारला. मग प्रत माझ्या हातात देताना ती सोडली नाही. पहिल्यांदाच वर बघितलं. कॉलेजात इतकी वर्षं ते माझ्याशी ‘आपण’ आणि ‘आहे’ करून बोलत आले होते.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “उद्या वर्ग कठे शे? मन्ही मायले धाडसू.”

मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग टेबलावर वाकून त्यांना घर सांगितलं.